इंग्रजी कोणी निवडली?

मोडनिंबच्या शाळेत दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीत जातो आणि कालपर्यंतचे गुरुत्वाकर्षण एकाएकी ‘ग्रॅव्हिटेशन’ होते. पुढे सोलापूरच्या विद्यापीठात त्याने कला शाखा घेतली तर मराठीत उत्तरे लिहिता येतात; विज्ञान घेतले तर इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. हा भेद कोणी व कशासाठी केला, असे विचारावे तर ‘इंग्रजी ही ज्ञानभाषा आहे’ एवढेच ऐकावयास मिळते. हे उत्तर आम्हांस पटत नाही.

कारण विद्यापीठाची भाषा ज्ञानापेक्षा सत्तेने अधिक वेळा ठरविली आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन होण्यापूर्वीच शिक्षणमंडळात सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांचा पक्ष घेऊन भांडले होते. सरशी कोणाची झाली, हे सांगावयास नकोच. हैदराबादचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने भाषांतरखाते उभारून वैद्यकासारखे विषयही उर्दूतून शिकविले. १९४८ साली निजामी राजवट गेली आणि उर्दूच्या जागी इंग्रजी आली. शास्त्रे तीच राहिली. बदलले ते राज्य. (मराठवाड्यातील मुलांना उर्दू तरी कोठे स्वभाषा होती, हेही विसरता येत नाही.)

मग स्वराज्यात काय अडले? कोठारी आयोगाने १९६६ साली प्रादेशिक भाषांची शिफारस करून दहा वर्षांची मुदत सुचविली होती. शब्द नाहीत म्हणावे, तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश कपाटांत पडून आहेत. आमच्या मते खरी अडचण वेगळी आहे: प्राध्यापक स्वतः इंग्रजीतून शिकलेले, विद्यार्थी नाहीत म्हणून पुस्तके निघत नाहीत, पुस्तके नाहीत म्हणून विद्यार्थी येत नाहीत, आणि पालक पगाराकडे पाहतात. पालकांना दोष देणे सोपे आहे; नोकरीच्या जाहिराती त्यांनी लिहिलेल्या नाहीत.

तथापि आमचे मत म्हणजे संशोधन नव्हे. ते सोलापूरच्या विद्यापीठाने करावे. एकाच जिल्ह्यापुरते असल्याने त्याला ते सुकरही आहे. माध्यमाचे जुने ठराव त्याने बाहेर काढावेत. प्रथम वर्षाच्या मुलांना पदार्थविज्ञानाचा एकच प्रश्न दोन्ही भाषांत घालावा आणि गुणांत पडणारा फरक ज्ञानाचा की इंग्रजीचा, हे जाहीर करावे. अक्कलकोटकडील कन्नड घरांतील मुलांची नोंद मात्र वेगळी ठेवावी लागेल. त्यांच्यापुढे मराठीही दुसरीच भाषा आहे.