रबर खडखडत नाही

या वीकांताचा विषय जरा तेलकट आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांना गाडी म्हणजे चावी, पेट्रोल आणि पार्किंग एवढंच ठाऊक आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण बिल शेवटी त्यांनाच येतं.

माझं म्हणणं असं आहे की आपण मेकॅनिकला आवाज शोधण्याचे पैसे देत नाही, पार्ट बदलण्याचे देतो. मग तो पार्ट बदलतो. यात त्याचा दोष कमी आणि आपला जास्त.

झालं काय, तर रावेरला आमच्या नानांची एक जुनी डिझेल गाडी आहे. केळीच्या मळ्यापासून बऱ्हाणपूरच्या बाजारापर्यंत सगळीकडे तीच. मागच्या डिसेंबरात तिचा टायमिंग बेल्ट बदलला. बेल्टची मुदत झाली होती, काम वेळेवरच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला आणि इंजिनातून खडखड आवाज. चार-पाच सेकंद, मग एकदम शांत. तिसऱ्या दिवशी तेच.

लगेच पंचायत बसली. एकजण म्हणाला बेल्ट लोकल आहे. दुसरा म्हणाला टायमिंगचा एक दात चुकलाय. मिस्तरी म्हणाला, "नाना, गाडी जुनी झाली, आवाज तर येणारच." यातल्या कोणीही पहाटे तो आवाज ऐकलेला नव्हता. गाडी गॅरेजला न्यायची म्हणजे चालू करूनच न्यायची, आणि तिथे पोचेपर्यंत ती गरम. मिस्तरी बॉनेट उघडतो, दोनदा रेस देतो आणि म्हणतो, कुठे काय वाजतंय? आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात. हे वाक्य ऐकून ज्याने डोकं धरलं नाही तो सॉफ्टवेअरवाला नव्हे.

तरीही बेल्ट परत उघडायचं ठरलं. मजुरी पुन्हा. खुणा तपासल्या, बरोबर होत्या. बंद केलं. सकाळी पुन्हा खडखड.

आता जरा मुळाशी जाऊ. टायमिंग बेल्ट म्हणजे दात असलेला रबरी पट्टा. खालच्या क्रँकशाफ्टची गती तो वरच्या कॅमशाफ्टला देतो. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक. मोटारीत हा प्रकार पहिल्यांदा आला १९६२ च्या सुमारास, जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीत. आपल्याकडे अँबॅसडर आणि पद्मिनीत साखळी होती. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तिच्यात बेल्ट, पुढे इंडिका डिझेलमध्येही बेल्ट. आपल्या जुन्या मिस्तरींचा कान साखळीवर तयार झालेला. साखळी ढिली झाली की थंड इंजिन चालू करताना ती खरोखरच खडखडते. तीच सवय मग बेल्टच्या गाडीला लावली जाते. पण रबर खडखडत नाही हो. रबर घासतं, कुईकुई करतं, फार ढिलं असेल तर प्लास्टिकच्या कव्हरवर फटफट आपटतं. खडखड यायला धातूवर धातू लागतो, नाहीतर एखादा सुटा भाग तरी.

म्हणजे बेल्टचं काम निर्दोष, असं नाही. बेल्ट बदलताना काय काय सुटतं ते बघा. फॅन बेल्ट निघतो, क्रँकची पुली निघते, बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा एक माउंट सोडावा लागतो, कव्हरचे लहान बोल्ट निघतात, टेन्शनर ढिला होतो. काही गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंप असतो, तोही बदलतात. आणि "आता उघडलीच आहे तर" म्हणून ऑईल आणि ऑईल फिल्टर. यातलं काहीही वाजू शकतं. पण नानांच्या बिलावर लिहिलं होतं, 'बेल्ट बदली, मजुरीसह'. संपलं. आमच्याकडे कुणी इतके बदल करून 'किरकोळ दुरुस्ती' एवढीच नोंद ठेवली तर त्याला सोमवारी सकाळी उभं करतात.

कावळा बसला आणि फांदी मोडली, याला काकतालीय न्याय म्हणतात. तो कावळ्यावर अन्याय असतो हे खरं. पण कावळ्याबरोबर फांदीवर आणखी कोण कोण बसलं होतं हे विचारायला काय हरकत आहे?

मी नानांना फोनवर तीन गोष्टी करायला सांगितल्या. पाना हातात न घेता. पहिली, सकाळी सेल्फ मारल्यावर ऑईलचा लाल दिवा कधी विझतो आणि आवाज कधी थांबतो ते बघायचं. दुसरी, गाडी दहा मिनिटं, दोन तास आणि रात्रभर बंद ठेवून, तिन्ही वेळा आवाज मोजायचा. तिसरी, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. नाना वैतागले, "तुले इतकं समजते तर तूच ये ना मग!" पण केलं. दहा मिनिटांनी आवाज नाही. दोन तासांनी अगदी निसटता. रात्रीनंतर पूर्ण. आणि दिवा विझायलाही नेहमीपेक्षा वेळ, तो विझला की पाठोपाठ आवाज बंद.

ढिला बोल्ट घड्याळ बघून वाजत नाही. जो आवाज गाडी किती तास उभी होती यावर ठरतो, त्याच्यामागे बहुधा तेल असतं. नानांच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, त्यांच्या पोटात तेल भरलेलं असतं तोवर ते गप्प. रात्री तेल खाली उतरलं की सकाळी दाब येईपर्यंत ते वाजतात. तेल उतरू नये म्हणून फिल्टरमध्ये रबराची एक चकती असते, ती एका बाजूनेच तेल जाऊ देते. फिल्टर आडवा बसत असेल तर ही चकती फारच महत्त्वाची. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये ती कडक निघते, नीट बसत नाही, कधी नसतेच. बेल्टच्या दिवशी नेमका असाच दीडशे रुपयांचा फिल्टर लागला होता. शिवाय ऑईल २०डब्ल्यू-५०. मे महिन्यात रावेरचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा ते जाड तेल ठीक वाटतं, पण सातपुड्याकडून वारा सुटलेल्या डिसेंबरच्या पहाटे ते वरच्या हेडपर्यंत चढायला आळस करतं. गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलेलं आहे.

फिल्टर बदलला, चांगल्या कंपनीचा. खडखड गेली. त्याआधी एका ठिकाणी हेड उघडायचा सल्ला मिळाला होता, हेही सांगून ठेवतो. उघडलं असतं तर नानांचा एका हप्त्याच्या केळीचा पैसा गेला असता, आणि नवा फिल्टर त्यात ओघानेच बसल्यामुळे आवाजही गेला असता. मग सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, हेडमध्येच होतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर मेकॅनिक मंडळींची वकिली केल्यासारखं होईल. सावद्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलर बेअरिंग जुनंच ठेवलं. पैसे वाचले. त्यांच्याही गाडीला सकाळी आवाज होता, पण घरघरीसारखा, आणि गाडी गरम झाली तरी तो राहायचा. त्यांनी 'नवीन काम आहे, बसेल' म्हणून सोडून दिलं. बेअरिंग जाम झालं, बेल्ट दात सोडून उडाला, वॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले. बऱ्हाणपूर रस्त्यावर, भरल्या गाडीनिशी. म्हणून गरम झाल्यावरही न थांबणारा आवाज असेल तर माझे प्रयोग करत बसू नका, गाडी बंद करा. आणि बेल्टबरोबर टेन्शनर-बेअरिंग बदलायला जो मिस्तरी सांगतो तो लुटत नाही. तो बसवून झाल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळवून बघत असेल, तर त्याला सोडू नका.

आवाज मोजण्यावरून एक आठवलं. आठशेच्या आयडलिंगला क्रँक सेकंदाला साधारण तेरा फेऱ्या मारतो, कॅम साडेसहा. म्हणजे एकच टॅपेट वाजत असेल तर सेकंदाला सहा-सात ठोके, आणि क्रँकच्या पुलीचं काही असेल तर त्याच्या दुप्पट. रेकॉर्डिंग हळू करून ऐकलं की हे कानाने कळतं. जुने मिस्तरी लांब पेचकस इंजिनाला लावून दुसरं टोक कानाशी धरतात, तेही उत्तमच, फक्त मफलर फॅनपासून लांब ठेवा.

तर मुद्दा मजुरीचा. डॉक्टर नाडी बघून "काही नाही, पाणी प्या" म्हणाला तरी आपण फी देतो. मिस्तरीने अर्धा तास कान लावला आणि "काही नाही" म्हटलं तर आपण "ठीक आहे" म्हणून निघतो. त्याने घर कशावर चालवायचं? बेल्टवर. काहीजण म्हणतील, निदानाचे पैसे द्यायला लागलो तर खोटी निदानं होतील. होतील की. आत्ताही होतात, फक्त त्यांच्याबरोबर हजारोंचा पार्ट येतो.

मी नानांना सुचवलं की गाडी संध्याकाळीच गॅरेजला लावा, सकाळी मिस्तरीनेच पहिला सेल्फ मारावा, आणि ऐकण्याचे तीनशे रुपये वेगळे द्या. मिस्तरी आधी हसला, "बघायचे कसले पैसे, नाना?" मग घेतले. बिलावर काय काय उघडलं ते लिहायला मात्र अजून तयार नाही, म्हणतो एवढं लिहायला मुनीम ठेवू का. एक टॅपेट थंडीत अजून दोन सेकंद टकटकतं. पुढच्या वेळी १५डब्ल्यू-४० घालून बघायचं ठरलंय, तोवर नाना रोज सकाळी मोजतायत आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतायत.