योसेफाचे अश्रू

योसेफाची गोष्ट आमच्या मुलांस तोंडपाठ असते. तो पायघोळ झगा, कोरडा खड्डा, 20 रुपे, फारोची स्वप्ने, आणि शेवटी ‘मग योसेफाने भावांस क्षमा केली’ हे एक वाक्य. आमची तक्रार ह्या वाक्याविषयी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकास जे सांगावयास चार अध्याय लागले, ते आपण एका श्वासात उरकतो.

विकला गेला तेव्हा योसेफ 17 वर्षांचा होता. भाऊ धान्यासाठी मिसरात येऊन त्याच्यापुढे वाकले, तोवर सुमारे वीस वर्षे लोटली होती. मध्यंतरी त्याने वडील मुलाचे नाव मनश्शे ठेविले. देवाने आपणांस सारे कष्ट आणि पित्याचे घर विसरावयास लाविले, असे त्याचे म्हणणे. परंतु खरोखर विसरलेला मनुष्य ते विसरणे मुलाच्या नावात जपून ठेवील काय? भावांस ओळखताच तो कठोर बोलला. हेर ठरवून त्यांस तीन दिवस अटकेत ठेविले. ते आपसांत जुन्या अपराधाविषयी बोलू लागले. मध्ये दुभाषा असल्यामुळे आपले बोलणे ह्या अधिकाऱ्यास कळते, हे त्यांस ठाऊक नव्हते. योसेफ बाजूस जाऊन रडला. पुढे बन्यामीनास पाहून आतल्या खोलीत रडला व तोंड धुऊन बाहेर आला. आणि त्याच बन्यामीनाच्या गोणीत आपला रुप्याचा पेला ठेवविला! हा सूड की परीक्षा? आमच्या मते त्या वेळी हे योसेफासही नीट उमगले नसावे. ज्या यहूदाने त्यास विकण्याची युक्ती सुचविली होती, तोच ‘धाकट्याऐवजी मला दास करा’ म्हणाला, तेव्हा कोठे बांध फुटला.

वर्गात दोन मुले भांडली की आपण पाच मिनिटांत त्यांचे हात मिळवितो. ही शिस्त झाली, क्षमा नव्हे. प्रभूने पेत्रास क्षमेची मर्यादा काढून टाकावयास सांगितले खरे, परंतु त्याच अध्यायाच्या अखेरीस ‘मनापासून’ अशी अट आहे, आणि मनास वेळ लागतो. तेव्हा पालकहो, तो पेला गोणीत का गेला, हे मुलांस विचारा; उत्तर सांगू नका.

आणि 45 व्या अध्यायातील मिठीपाशी पुस्तक मिटू नका. याकोब मिसरात 17 वर्षे राहून वारला. आता बाप नाही, आता योसेफ सूड घेईल, ह्या भयाने भावांनी त्याजकडे निरोप धाडला. इतक्या वर्षांनंतरही आपणांस क्षमा मिळाली आहे, ह्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. तो निरोप ऐकून योसेफ पुन्हा रडला.