कुस्ती खेड-मुळशीची, सुतक नांदेडला

2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरच्या वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरीला नांदेडच्या नावावर उतरलेला शिवराज राक्षे हरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडपासून लातूरपर्यंत टपरीटपरीवर कुस्तीतज्ज्ञ उगवले. ज्यांनी आयुष्यात लंगोट दोरीवर वाळतानाही पाहिला नाही, ते मला सांगत होते की खांदा टेकला होता की नव्हता. ‘नांदेडवर अन्याय झाला’, ‘मराठवाड्याला गदा नेऊच द्यायची नाही, हे आधीच ठरलं होतं’, ‘पुण्याच्या पोरासाठी आपल्या पोराचा बळी दिला.’ एका गृहस्थांनी तर निजामाच्या काळापासूनचा अनुशेष काढला.

पंचांचा निर्णय वादाचा होता, हे मान्य. गादी विभागाच्या त्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळनं चितपट केल्याचं पंचांनी जाहीर केलं. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं शिवराजचं म्हणणं. त्या रागात त्यानं पंचाला लाथ मारली. पुढं अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही पंचांवर चिडून शेवटच्या क्षणी मैदान सोडून गेला, आणि दोघांवर 3 वर्षांची बंदी आली. लाथ मारणं चूक. त्या लाथेची तारीफ करणारे तर जास्त चूक, मग त्यातला कुणी स्वतः डबल महाराष्ट्र केसरी का असेना. हा विषय माझ्यापुरता इथं संपला.

आता मुद्द्याचं. ती कुस्ती झाली कुणाकुणात? पृथ्वीराज मोहोळ मुळशी तालुक्यातल्या मुठा गावचा. शिवराज राक्षे राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा, म्हणजे खेड तालुक्यातला. दोन्ही तालुके पुणे जिल्ह्यात. खेड विरुद्ध मुळशी अशी ती लढत, आणि सुतक पाळतंय कोण, तर नांदेड!

शिवराजबद्दल माझी तक्रार नाही. पोरगा जातिवंत मल्ल आहे. 14 जानेवारी 2023 ला कोथरूडच्या मैदानात त्यानं महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं, ती कुस्ती पाहून अंगावर काटा आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात धाराशिवला हर्षवर्धन सदगीरला हरवून त्यानं दुसरी गदा घेतली. (त्याच महिन्यात पुण्याजवळ फुलगावला दुसऱ्या संघटनेची वेगळी महाराष्ट्र केसरी झाली आणि तिथं सिकंदर शेखनं याच शिवराजला काही सेकंदांत पाडलं. एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी! राज्यात दोन संघटना असल्यावर गदा तरी एकच कशाला ठेवायची?) सांगायचं ते हे, की त्याच्या तालमीतल्या घामाचा एक थेंबही आपल्या मातीत पडलेला नाही. त्याला आपण दिलं काय, तर एक जिल्ह्याचं नाव.

हे का होतं, तेही उघड आहे. महाराष्ट्र केसरी गटात एका संघाकडून गादीला एक आणि मातीला एक मल्ल जातो. पुण्याला शहर आणि जिल्हा असे वेगळे संघ असले तरी तिथं तालमीगणिक तगडी पोरं, जागा मोजक्या. मग ज्या जिल्ह्याच्या निवड चाचणीत गर्दी नाही, तो जिल्हा शोधला जातो. आपला जिल्हा सापडतो. नियमात बसत असेल, बसू द्या. पण गर्दी नाही म्हणून मिळालेल्या पाहुण्याच्या नावानं फटाके फोडताना, गर्दी का नाही हे विचारायला कुणाची जीभ रेटत नाही.

लातूरकरांनी यात हसायचं कारण नाही. लातूरचं दुखणं उलट्या बाजूचं आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 चे महाराष्ट्र केसरी, पुढं रुस्तुम-ए-हिंद. घडले कोल्हापुरात, आणि वस्ताद म्हणून मल्ल घडवले पुण्यात, गोकुळ वस्ताद तालमीत. त्यांचे पठ्ठे अर्जुनवीर काका पवार, तेही लातूर जिल्ह्याचे. त्यांचं संकुल कुठं? पुण्यात, कात्रजला. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला अंतिम कुस्ती झाली नाशिकचा सदगीर विरुद्ध लातूरचा शैलेश शेळके, आणि दोघेही काका पवारांचे पठ्ठे. 2023 ची शिवराज आणि महेंद्रची कुस्तीही त्यांच्याच दोन पठ्ठ्यांत. म्हणजे लातूरच्या वस्तादानं पुण्यात बसून पुणे जिल्ह्यातलं पोरगं घडवायचं, आणि ते नांदेडच्या नावावर उतरवायचं. या व्यवहारात नांदेड आणि लातूर ही दोन नावं तेवढी मराठवाड्याची. बाकी हौदा, माती, गादी, खुराक, घाम, सगळं भीमेपलीकडचं.

आमच्याकडं मग काय आहे? लातूर पॅटर्न आहे. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातली पोरं लातुरात खोल्या करून राहतात, पहाटे पाचला उठतात. तालमीत जाण्यासाठी नव्हे, क्लासला. त्याला माझी ना नाही, डॉक्टर व्हावेत. पण अकरावीत शिरलेल्या मुलानं खेळाचं नाव काढलं की घरात कुणीतरी वारल्यासारखी शांतता पसरते, त्याचं काय? कॉलेजच्या दृष्टीनं खेळ म्हणजे बारावीला मिळणारे सवलतीचे गुण.

मी एकदा आंतरमहाविद्यालयीन कुस्त्या पाहायला गेलो होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडं तेच. सभागृहातल्या खुर्च्या भिंतीला सरकवून मध्ये गाद्या टाकलेल्या, दोन गाद्यांच्या फटीत बोट जाईल एवढं अंतर. लाल कॉस्च्युम एक, निळा एक. कुस्ती संपली की हरलेल्यानं तो तिथंच उतरवायचा आणि पुढच्यानं तसाच घामानं निथळणारा अंगात घालायचा. प्रेक्षक म्हणजे क्रीडाशिक्षक आणि आपल्या पाळीची वाट बघणारी पोरं. एक कंधारकडचा मुलगा मात्र बघण्यासारखा होता. पट काढायचा तो असा की समोरच्याला पाय गेलेला कळायचाच नाही. विचारलं, ‘कोणत्या तालमीत हाईस बाबा?’ म्हणाला, ‘पुण्याला असतो काका. नाव हितल्या कॉलेजात हाय. परीक्षेला आन् स्पर्धेला येतो.’ मी हजेरीचं विचारलं, तर शेजारचे क्रीडाशिक्षकच हसले.

त्या दिवशी विद्यापीठाचा संघ निवडला गेला. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 पासून आहे, नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे त्याच्याकडं आहेत. या विद्यापीठाचा कुस्तीसंघ पुढं कुठं गेला, कुणाकडून हरला, हे टपरीवरच्या एकाही तज्ज्ञानं मला आजवर सांगितलेलं नाही. अमेरिकेत विद्यापीठाचा फुटबॉल संघ हंगामअखेरचा बाऊल सामना हरला की गाव पेटतं: प्रशिक्षक ठेवायचा की काढायचा, पुढच्या वर्षी कोणती पोरं आणायची, यावर महिनोन्महिने भांडणं. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखावर माणसं बसतात. तिकडंही पोरं बाहेरून आणतात, हे मला कुणी सांगायला नको. पण आणलेलं पोरगं निदान त्यांच्या मैदानावर सराव करतं, त्यांच्या खाणावळीत जेवतं. हरलं तर ते त्यांचंच हरतं, म्हणून त्यांच्या भांडणाला बूड आहे.

आमच्या टपरीवरची भवितव्याची चर्चाही ऐकण्यासारखी होती. एक म्हणाला, शिवराजला मोठी नोकरी द्या. दुसरा म्हणाला, आपण स्पर्धेवर बहिष्कार टाकू. तिसरा सगळ्यात हुशार: ‘बंदी आली ना, मग पुढच्या साली दुसरा आणू की ओ. हरियाणात लई हायेत.’ हा विनोद नव्हता. तालुक्याला एक गादी, एक पगारी वस्ताद आणि पोरांच्या दूध-बदामाची सोय, हे कुणाच्या तोंडून आलं नाही.

जत्रांचंही तेच. माळेगावच्या यात्रेत, लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत हलगी कडाडते, फेटे उडतात. आपली पोरं दुपारच्या उन्हात रेवड्यांवर आणि पाच-पन्नास रुपयांवर झुंजतात. संध्याकाळी, पुढारी आल्यावर, मोठ्या इनामाची जोड लागते ती बहुतेक बाहेरच्या मल्लांची. ते येतात, पाकीट घेतात, रात्रीच्या गाडीनं जातात. बऱ्याचदा कुस्ती बरोबरीत सुटते आणि जाणकारांना ती नूरा, म्हणजे ठरवून केलेली, होती हे आधीच ठाऊक असतं. त्या पाकिटाच्या रकमेत गावच्या तालमीला वर्षभराचा खुराक आला असता, पण खुराकाचा फोटो फलकावर छापता येत नाही.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या कुस्तीप्रेमींना माझं सांगणं आहे. पंचाच्या नावानं शिमगा करून झाला असेल तर पुढच्या जिल्हा निवड चाचणीला या. ती जाहीर मैदानात व्हावी, तारीख आधी कळावी, हे मागा. केसरी गटात उतरलेल्या प्रत्येकाला तिथंच, सगळ्यांसमोर विचारा: वर्षभर कोणत्या तालमीत होतास? उत्तर कात्रज आलं आणि मुलगा आपल्या मातीतला असेल, तर त्याला का जावं लागलं याचा जाब निवड करणाऱ्यांना, आमदाराला आणि कॉलेजच्या संस्थाचालकाला विचारा. मुलगाही पुण्याचा आणि तालीमही पुण्याची असेल, तर हरकत तिथल्या तिथं लेखी नोंदवा. अहिल्यानगरसारखा निकाल लागल्यावर ओरडायचा हक्क त्यानंतरच.