विश्लेषण : अँजिओग्राफीत न दिसणारे दोष ‘आयव्हस’, ‘ओसीटी’ कसे दाखवतात?

अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, पडद्यावर रक्तप्रवाहही मोकळा दिसला. तरीही काही रुग्णांची तीच रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होते किंवा स्टेंटमध्ये गुठळी होते. स्टेंट पुरेसा न फुलणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण. ते जागेवरच ओळखण्यासाठी रक्तवाहिनीच्या आतून चित्र घेणारी तंत्रे वापरली जातात.

अँजिओग्राफी अपुरी का?

अँजिओग्राफीत दिसते ती रक्तवाहिनीच्या पोकळीची सावली. भिंतीत चरबी किती, कॅल्शियम किती, स्टेंट भिंतीला नीट टेकला का, हे त्यातून पुरेसे कळत नाही.

नवी तंत्रे काय करतात?

दोन्हींत साधारण एक मिलिमीटर जाडीची नळी हृदयाच्या रक्तवाहिनीत नेतात. ‘आयव्हस’ म्हणजे आतून केलेली सोनोग्राफी. ती भिंतीत खोलवर पाहते. ‘ओसीटी’ अवरक्त प्रकाश वापरते. तिचे चित्र सुमारे १० ते २० मायक्रॉनपर्यंत बारकावे टिपते, म्हणजे ‘आयव्हस’च्या जवळपास दहापट स्पष्ट. मात्र ती एक-दोन मिलिमीटरच खोल पाहू शकते. शिवाय चित्र घेताना रक्त बाजूला सारावे लागते. त्यासाठी बहुधा जास्तीचे कॉन्ट्रास्ट द्रव्य सोडतात. त्यामुळे मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांत काळजी घ्यावी लागते.

फायदा सिद्ध झाला आहे का?

दक्षिण कोरियातील १,६३९ गुंतागुंतीच्या रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराने मृत्यू, त्याच रक्तवाहिनीमुळे झटका किंवा ती पुन्हा उघडावी लागणे, यांचे एकत्रित प्रमाण आतून चित्र घेतलेल्या गटात ७.७ टक्के, तर केवळ अँजिओग्राफीच्या गटात १२.३ टक्के होते. त्याच वर्षीच्या ‘इल्युमिएन-४’ चाचणीत मात्र ‘ओसीटी’मुळे स्टेंट अधिक फुलला, पण अशा एकत्रित घटनांत लक्षणीय फरक पडला नाही. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी डावी मुख्य धमनी, फाटा फुटणारी जागा आणि लांब अडथळे अशा अवघड प्रकरणांत या तंत्रांची ठाम शिफारस केली आहे.

अडचण कुठे?

खर्चात. भारतात २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली, पण ती स्टेंटपुरती. या तपासणीच्या नळीचा खर्च वेगळा. साध्या, छोट्या अडथळ्यात तो टाळता येऊ शकतो. अवघड अडथळ्यात मात्र आज वाचवलेला पैसा उद्या दुसऱ्या अँजिओप्लास्टीत जाऊ शकतो. म्हणूनच ‘अडथळा कोणत्या प्रकारचा आहे आणि आतून चित्र घेणार का,’ हा प्रश्न नातेवाईकांनी संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारलेला बरा.