टक्के मोजले, गरज कोण मोजणार?

दिव्यांग माणूस सरकारी दारात गेला की त्याला पहिला प्रश्न टक्क्याचा. ४० असतील तर लाभार्थी, नसतील तर घरी जा. त्याला नेमके काय लागते, हे कुणी विचारत नाही. आम्ही म्हणतो, नियोजनाची चूक इथूनच सुरू होते.

विदर्भातला सिकलसेल घ्या. आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत तो पिढ्यानपिढ्या आहे. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे प्रमाण एकूण लोकसंख्येत २.२१ टक्के आणि अनुसूचित जातींत २.४५ टक्के निघाले. त्यात सिकलसेलचा रकानाच नव्हता. जे मोजलेच नाही त्याचे नियोजन कोण करणार?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार ७ वरून २१ केले. सिकलसेल आला. पण कलम ३४ वाचा. नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांना जागा नाही. म्हणजे उच्च शिक्षणात ५ टक्क्यांतून प्रवेश घ्या, पदवी मिळवा आणि मग बाहेर उभे राहा!

प्रमाणपत्र हातात आले तरी प्रश्न उरतातच. रक्तपेढी किती लांब? हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात का? वेदनेचा झटका आला की आईची मजुरी बुडते, पोराची परीक्षा बुडते. त्याची भरपाई कोणत्या योजनेत आहे?

याच कायद्याचे कलम ३८ सांगते की ज्याला जास्त सहाय्य लागते तो स्वतः अर्ज करू शकतो, त्याच्या वतीने संस्थाही करू शकते. मंडळाने गरज तपासायची आणि त्या अहवालानुसार सहाय्याची पावले उचलायची. आपल्या किती कार्यकर्त्यांनी असा एक तरी अर्ज भरून दिला आहे?

अनुच्छेद ४१ ने आजारपण आणि अपंगत्वात शासनाच्या मदतीची दिशा संविधानातच आखून दिली आहे. तेव्हा दयेची भाषा नको, हक्काची बोलू.

मित्रांनो, काम विहारापासून सुरू करू. घरोघरी जाऊन गरजांची यादी करू: औषध, रक्त, प्रवास, शिक्षण, सोबतीला माणूस. यादी करताना दिव्यांगांनाच पुढे बसवू. ती ग्रामसभेत मांडू आणि ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी कुठे खर्च केला, याचा हिशेब मागू. मिळाला नाही तर माहिती अधिकार आहेच.

जयंतीच्या मिरवणुकीला जेवढी माणसे जमतात, त्यातली दहा जरी या कामाला लागली तरी गावाची यादी आठवड्यात तयार होईल.

जय भीम!