काळा राजा कोणी व्हायचे?

सांताक्लॉज आता आपल्या पोरांच्याही ओळखीचा झाला आहे. पण स्पेन देशातल्या मुलांचे वाट पाहणे नाताळला संपत नाही. ते ५ जानेवारीच्या रात्रीपर्यंत चालते. त्या रात्री तीन राजे भेटवस्तू घेऊन येतात, अशी तिथली समजूत. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून ज्ञानी पुरुष सोने, ऊद आणि गंधरस घेऊन आले, अशी बायबलात कथा आहे. तिथे त्यांची संख्या नाही की नावे नाहीत. पुढे लोकांनीच त्यांना राजे केले, मेल्चोर, गास्पार, बाल्तासार अशी नावे दिली आणि बाल्तासारला काळा रंग दिला.

मुले आपल्याला काय हवे ते राजांना पत्राने कळवतात. रात्री बूट मांडून ठेवतात, उंटांसाठी पाणी ठेवतात. खोडकर मुलाला कोळसा मिळतो. पण तो साखरेचा, म्हणजे शिक्षाही गोडच! ६ तारखेला रोस्कोन नावाचा कड्यासारखा गोल, गोड पाव घरोघरी कापतात. त्यात एक बाहुली आणि एक वाल लपवलेला असतो. बाहुली सापडेल त्याच्या डोक्यावर मुकुट, वाल सापडेल त्याने पावाचे पैसे द्यायचे. आमच्यासारख्या कारकुनाच्या वाट्याला वालच आला असता, यात शंका नाही.

५ तारखेच्या संध्याकाळी गावोगाव राजांची मिरवणूक निघते. रथांवरून गोळ्या उधळतात आणि पोरे छत्र्या उलट्या धरून त्या झेलतात. आपल्या शेजारच्या गोव्यातही हा सण पोर्तुगीजांबरोबर आला. चांदर, कांसावली इकडे ६ जानेवारीला मुकुट घालून राजे होतात ती गावातलीच मुले.

आता मुद्द्याचे. स्पेनमधल्या अनेक गावांत वर्षानुवर्षे बाल्तासार झाला तो गोरा माणूस, पुष्कळदा नगरसेवक, तोंडाला काळे फासून. अल्कॉय गावची मिरवणूक सर्वांत जुनी मानतात. तिच्या नोंदी १८६६ पासूनच्या आहेत. तिथे राजांचे सेवक घरांना शिड्या लावून सज्जांवर चढतात आणि मुलांच्या हाती भेटी देतात. हे सेवकही तोंड काळे रंगवलेले. वाचकांनी एक साल लक्षात ठेवावे. स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबा बेटावर गुलामगिरी कायमची संपली ती १८८६ साली. म्हणजे अल्कॉयमध्ये ही मिरवणूक निघू लागली, तेव्हा क्यूबाच्या उसाच्या मळ्यांत खरी काळी माणसे मालकांची मालमत्ता होती.

प्रथेच्या बाजूचे लोक म्हणतात, यात अपमान कसला? बाल्तासार मुलांचा लाडका आहे, सेवक तर भेटी आणतात; आणि मेल्चोरही खोटी पांढरी दाढी लावतोच की. पहिले बोलणे आम्हाला मान्य आहे. मुलांचे प्रेम खरेच आहे. दाढीचे मात्र पटत नाही. दाढी ही वयाची खूण आहे, म्हातारपण सर्वांनाच येते. कातडीचा रंग त्या रात्री साबणाने धुऊन नगरसेवक घरी जातो. विषुववृत्तीय गिनी हा देश १९६८ पर्यंत स्पेनचीच वसाहत होता. तिथली आणि सेनेगलसारख्या देशांतली कुटुंबे आज स्पेनमध्ये राहतात, काम करतात, त्यांची मुले तिथल्याच शाळेत जातात. घर भाड्याने मागायला गेल्यावर त्यांना हा रंग धुता येत नाही. आणि वर्षातून एकदा काळा माणूस राजा होतो, तेव्हा ती खुर्चीही दुसऱ्यालाच! तिथल्या काळ्या नागरिकांच्या संघटना हेच बोलत आल्या आहेत, आणि प्रथा मोडता म्हणून त्यांनाच बोल लागला आहे. हे ऐकून आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना नवल वाटणार नाही.

राजधानी माद्रिदमध्येही पूर्वी नगरसेवकच राजे होत. २०१६ च्या जानेवारीत तिथे पहिल्यांदा बाल्तासारच्या जागी खराखुरा काळा माणूस बसला.