रोडरोलरखालचा आवाज आणि निसटलेला धूर

१/
जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे, त्यांवरून रोडरोलर फिरवायचा आणि छायाचित्रकारांना बोलवायचे, हा विधी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक शहरांत रूढ झाला आहे. मध्यरात्री फटाक्यांसारख्या आवाजाने झोपमोड झालेल्या माणसाला ते दृश्य पाहून बरे वाटते. मलाही वाटते. तथापि त्या ढिगाऱ्याकडे नीट पाहिले, तर त्यात प्रामुख्याने दिसतात ते नळीच्या मागच्या टोकाचे डबे. ते आवाज बदलतात. हवा बिघडवणारा फेरफार बहुधा त्याच्या बराच पुढे, इंजिनाजवळ झालेला असतो आणि तो रोलरखाली येत नाही.

२/
ढिगाऱ्यात दुचाकींचे डबे अधिक असतात हे खरे. पण हा धागा मोटारींविषयी आहे, कारण मोटारींचा इतिहास या प्रश्नाला अधिक नेमके उत्तर देतो. माझे म्हणणे थोडक्यात असे : आवाज आणि उत्सर्जन हे एकाच नळीतून बाहेर पडणारे दोन वेगळे अपराध आहेत. आपण पहिल्यालाच दोन्ही समजून शिक्षा करतो आणि दुसरा सुटून जातो.

३/
आधी नळीची रचना. इंजिनातून निघालेला वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये येतो. मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत कॅटकॉन. पुढे रेझोनेटर, आणि अखेरीस मफलर, ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो. (हा शब्द ब्रिटिशांचा. अमेरिकन मफलर केवळ आवाज दबवण्याचे कबूल करतो. ब्रिटिश सायलेन्सर चक्क शांततेचे वचन देतो.) बाजारात मिळणारा बदली भाग या चारांपैकी कोणाची जागा घेतो, यावर सारे अवलंबून आहे.

४/
मफलर वयाने थोरला. इंडियाना राज्यातील कोलंबस गावच्या रीव्ह्‌ज बंधूंनी १८९७ साली त्याचे अमेरिकन पेटंट घेतले. तत्त्व आजही फारसे बदललेले नाही : छिद्रे असलेल्या नळ्या, त्यांभोवती कप्पे, आणि त्या कप्प्यांत आपटून परतणाऱ्या ध्वनिलहरी एकमेकींना मारतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला १०० स्फोट होतात. ती १०० हर्ट्‌झची घरघर किती गाळायची आणि किती ठेवायची, ही मफलर घडवणाऱ्याची कला. कप्पे काढून सरळ छिद्रांची नळी ठेवली आणि तिला काचतंतूंचे अस्तर दिले, की झाला ग्लासपॅक, अमेरिकेतल्या हॉट-रॉडवाल्या तरुणांचा लाडका.

५/
आवाजाचा हट्टही जुना आहे. मोटारींच्या पहिल्या पिढीतच ‘कट-आउट’ नावाची झडप निघाली होती. चालकाने ती उघडली, की वायू मफलरला वळसा घालून थेट बाहेर! निमित्त शक्ती वाढवण्याचे. प्रत्यक्षात गाव जागे करण्याचे. अनेक अमेरिकी नगरपालिकांना तिच्यावर बंदी घालावी लागली. म्हणजे ‘आजकालची पोरे’ हे दूषण किमान शंभर वर्षे जुने ठरते.

६/
उत्सर्जनाची कथा मात्र लॉस एंजेलिसची. १९४३ च्या जुलैत शहरावर असा दाट, डोळे झोंबवणारा पडदा उतरला, की युद्धाच्या त्या काळात काहींना तो जपानचा विषारी वायूचा हल्ला वाटला. खरा आरोपी शोधला आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. गृहस्थ कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होते! १९५० च्या आसपास त्यांनी दाखवून दिले, की गाड्यांतून व तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन हे धुरके तयार करतात.

७/
औषधही त्याच दशकात सुचले. यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने मोटारीसाठी उत्प्रेरक परिवर्तक घडवला आणि १९५६ साली त्याला पेटंट मिळाले. परंतु तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे होते आणि शिशाचा थर चढला, की उत्प्रेरक निकामी होतो. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने उत्पादकांचे हात पिरगाळले, शिसेविरहित पेट्रोल पंपावर आले, आणि १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांखाली कॅटकॉन दिसू लागला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि पुढे ऱ्होडियमचा लेप. तापली की ती कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा ९० टक्क्यांहून अधिक भाग निरुपद्रवी करते.

८/
आणि लगेच पळवाटाही निघाल्या. शिसेविरहित पेट्रोल घेणाऱ्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले होते, जेणेकरून शिसेयुक्त पेट्रोलची रुंद नळी आत जाणार नाही. शिसेयुक्त पेट्रोल थोडे स्वस्त होते. लोकांनी नरसाळे आणले, नाहीतर ते तोंडच ठोकून मोठे केले. दुकानांत ‘टेस्ट पाइप’ नावाची सरळ नळी मिळू लागली. नाव चाचणीचे, काम कॅटकॉनच्या जागी कायमचे बसण्याचे. आज आपल्याकडे ‘केवळ शर्यतीसाठी’ असा शिक्का मारून जी नळी विकली जाते, ती या टेस्ट पाइपचीच नात.

९/
आता मुद्द्याची फोड. ‘कॅट-बॅक’ किंवा ‘ॲक्सल-बॅक’ संच कॅटकॉनच्या मागचा भाग बदलतो. आवाज खोल होतो, कधी असह्य होतो. वायू मात्र आधीच शुद्ध होऊन आलेला असतो. रेझोनेटर काढला, तर ठरावीक वेगाला गाडीच्या आत डोके उठवणारी गुणगुण सुरू होते. त्रास मुख्यतः मालकालाच. हेडर बदलण्याचा प्रकार फसवा आहे. आजच्या पुष्कळ गाड्यांत कॅटकॉन मॅनिफोल्डला लागूनच असतो, कारण साधारण २५०–३०० अंश सेल्सिअस तापल्याखेरीज तो काम करीत नाही. मॅनिफोल्ड काढून दुसरे हेडर बसवले, की त्यासोबत कॅटकॉनही जातो. किंवा तो मागे सरकतो, उशिरा तापतो आणि थंड इंजिनाचा सगळा मळ शहराला देतो. ‘हाय-फ्लो’ कॅटमध्ये पोळ्याची भोके मोठी असतात. बहुधा वायूला मार्ग मोकळा आणि शुद्धीकरण कमी. आणि ‘डीकॅट’ म्हणजे शुद्धीकरणालाच रजा.

१०/
यातून निघणारा निष्कर्ष अनेकांना पटत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. कॅटकॉन काढून मागे कंपनीचाच मफलर ठेवलेली गाडी बऱ्यापैकी सभ्य आवाजात धावू शकते. चौकातला हवालदार तिच्याकडे मान वळवूनही पाहणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. उलट कॅट-बॅक लावलेली गोंगाटी गाडी उत्सर्जनात निर्दोष असू शकते.

११/
अमेरिकेने या दोन अपराधांना वेगळे नशीब दिले. १९७२ साली तिथे ध्वनिनियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला; पण रेगन यांच्या कारकिर्दीच्या आरंभी त्या विभागाचा निधीच थांबला. कायदा पुस्तकात उरला आणि रस्त्यावरच्या आवाजाची काळजी राज्यांच्या व शहरांच्या गळ्यात पडली. हवेचा कायदा उलट कडक होत गेला. १९९० च्या दुरुस्तीनंतर उत्सर्जन-नियंत्रण निकामी करणे हेच ज्याचे मुख्य काम, असा भाग बनवणे, विकणे आणि बसवणे हे तिन्ही बेकायदा ठरले. एवढे करूनही २०२० साली तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेला मान्य करावे लागले, की आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची उत्सर्जन-यंत्रणा काढून टाकली गेली होती.

१२/
कॅलिफोर्नियाची पद्धत मला सर्वांत शहाणी वाटते. उत्सर्जनावर परिणाम करू शकणाऱ्या बदली भागाला राज्याच्या वायुमंडळाकडून आदेश-क्रमांक मिळवावा लागतो. कॅटकॉनच्या मागच्या संचाला तो लागत नाही. त्याला आवाजाची मर्यादा पाळावी लागते. नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर ध्वनिमापक धरून बहुतेक मोटारींसाठी ९५ डेसिबल. कायद्याने रेषा नेमकी तिथेच ओढली, जिथे नळीतला वायू शुद्ध होतो.

१३/
आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटकॉन सक्तीचा झाला. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून २००० साली हद्दपार झाले. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९०(२) मध्ये ध्वनी आणि वायुप्रदूषण एकाच वाक्यात बसवले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याचा दंड १,००० वरून कमाल १०,००० रुपये झाला. कागदावर दोघे सारखे. रस्त्यावर मात्र आवाजाला रोलर आणि हवेला पीयूसीची पावती. प्रामाणिकपणे घेतलेली पीयूसी चाचणी डीकॅट गाडीला बऱ्याचदा उघडी पाडू शकते, हे मान्य. पण पेट्रोल गाडीच्या त्या चाचणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत आणि गाडीखाली वाकून कॅटकॉन जागेवर आहे का, हे पाहण्याची रीत नाही.

१४/
यावर गाडीप्रेमी मित्रांचे ठरलेले उत्तर : ‘माझ्या एका गाडीने काय होणार?’ साधे गणित करा. तापलेला कॅटकॉन ९० टक्के घाण अडवत असेल, तर तो नसलेली एक गाडी असलेल्या दहा गाड्यांइतकी घाण सोडते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशा दोन गाड्या असल्या, तर वीस गाड्या. या मित्रांपैकी एकाने मला अभिमानाने नवी नळी दाखवली होती. जुना कॅटकॉन कुठे आहे असे विचारल्यावर तो म्हणाला, गॅरेजवाल्यानेच ठेवून घेतला. आतल्या प्लॅटिनमची किंमत गॅरेजवाल्याला ठाऊक होती.

१५/
माझ्या मते गोंगाट हा खराच उपद्रव आहे. रुग्णालयाशेजारी किंवा रात्री दोन वाजता त्याला क्षमा नाही. पण त्याची कारवाई ध्वनिमापकाने व्हावी, ऐकून आलेल्या संतापाने नव्हे. खोल पण मर्यादेतल्या आवाजाची हौस असणाऱ्याला आपण गुन्हेगार ठरवतो आणि तो मग दुकानदाराला विचारतो, ‘पकडले जाणारच असेन, तर डीकॅटच का नको?’

१६/
तेव्हा पीयूसी केंद्रावर एक आरसा हवा, दांड्याला लावलेला, गाडीखाली सरकवता येणारा. प्रमाणपत्रावर ‘कॅटकॉन : आहे / नाही’ असा एक रकाना हवा. आणि दंडाची पहिली पावती ती सरळ नळी विकणाऱ्या दुकानाच्या नावे फाटायला हवी. अमेरिकेला टेस्ट पाइपपासून या टप्प्यापर्यंत यायला साधारण पंधरा वर्षे लागली. आपल्याकडे कॅटकॉन सक्तीचा होऊन तिशी उलटली आहे.